विहिरीजवळची ओळ

माझं माहेर कुहीकडचं, धानाच्या मुलखातलं. तिकडे बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी उभं असलं की माणूस निश्चिंत झोपतो आणि बांधी सुकली की घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. अशा घरातून मी लग्न होऊन नागपुरास आले, सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे, संत्र्याच्या बागेत. पहिल्याच उन्हाळ्यात तिथे पाहिलं काय, तर विहिरीला पाणी आहे, दावणीला चांगले धष्टपुष्ट बैल आहेत, आणि मोट मात्र कोरडी टांगलेली. झाडं तहानेनं पानं दुमडून उभी. मला वाटलं, या माणसांचं डोकं ठिकाणावर नाही. तसं मी बोलूनही गेले. जीभ तेव्हाही माझ्या ताब्यात नव्हती, आताही नाही.

आमचे हे हसले. म्हणाले, ही बाग आहे, तुमची बांधी नव्हे. इथे झाडाला तहान लावावी लागते, तेव्हा ते फुलतं. त्याला ताण देणं म्हणतात. उन्हाळाभर पाणी तोडायचं, मुळं उघडी करून उन्हात तापवायची, आणि मृग लागला की पाऊस पडो न पडो, मोट सुरू करायची. मग झाड असं फुलतं की वासानं डोकं दुखावं. त्या बहाराची फळं माघ-फाल्गुनात पिकतात. फळांनी रंग धरला की पुन्हा पाणी बंद. मी म्हटलं, म्हणजे बाळंतिणीला उपाशी ठेवायचं? 

उत्तर पुढे फळं उतरवायच्या दिवसांत मामंजींनी दिलं. त्या काळी सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचा. पण संत्र्याची गोष्ट निघाली की मामंजींना रीतभात आठवत नसे. त्यांनी दोन फळं आणून माझ्यापुढे ठेवली. एक मोठं, झळझळीत, पाहताच हात पुढे जावा असं. दुसरं लहान, जरा चपटं, साल अंगाला चिकटलेली. मोठं फळ त्यांनी माझ्या कानाशी हलवलं. आत फोडी सुटलेल्या, खुळखुळ वाजत होत्या. हे तोडीपर्यंत पाणी प्यालेलं, म्हणाले. साल पोली, रस पाणचट. हे आठ दिवसांत बसतं, सडून जातं. लहानगं काही बोललं नाही. त्याला तोडून पंधरवडा झाला तरी देठ हिरवा होता, आणि सोललं तर गोडीनं ओठ चिकटावेत. मला पटलं. पटलं, पण आवडलं नाही.

मामंजींचं फळ टिकाऊ म्हणून सी.पी.भर, म्हणजे तेव्हाच्या मध्यप्रांतभर, त्यांचं नाव होतं. कलकत्त्याला माल पाठवणारे व्यापारी दुसऱ्यांच्या बागेत अंगठ्यानं फळ दाबून पाहत. आमच्या बागेत दाबत नसत. झाडाच्या बुंध्याला पाणी लागू नये म्हणून मामंजी दुहेरी आळं करायला लावत आणि पाणी बाहेरच्या वर्तुळातच फिरवत. मोट हाकणारा गडी त्यांच्या वयाचाच होता, आणि दोघं मिळून पाण्याचा असा हिशेब करत की त्या विहिरीत जणू तूप होतं.

आणि याच घरात माणसांच्या पाण्याची रीत नेमकी उलटी. कोणी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तांब्या घेऊन पुढे. घरचा असो, दारचा असो, पोस्टमन असो की बांगड्या भरणारी असो. जेवायला बसलं की पेला भरलेला, अर्धा झाला की पुन्हा भरलेला. उशाशी तांब्या, ओट्यावर माठ, बागेच्या वाटेवर झाडाखाली रांजण. नव्या नवरीच्या मला नवल वाटायचं, की या घरात पाणी मागायची वेळच कोणावर येत नाही. एकदा पाहुणे आले असताना मी भाकरी थापत होते आणि पाणी न्यायला उशीर झाला. पाहुण्यांनी आपणहून मागायच्या आत आत्याबाई अक्षरशः धावल्या. पाहुणे पाणी पिऊन होईपर्यंत त्या तांब्या हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. एवढ्याशा गोष्टीचं काय ते अवडंबर, असं मी मनात म्हटलं.

कारण मला शेजारणीकडून कळलं, तेही अर्धंच. माझ्या नवऱ्याच्या पाठीवर एक बहीण होती. लग्न ठरलं होतं तिचं, आणि वैशाखात ताप येऊन गेली. त्यानंतर घरात तिचं नाव कोणी काढत नसे. बागेत विहिरीला लागून जुन्या झाडांची एक ओळ होती. ती कलमं लावली तेव्हा ही पोर परकरात होती, आणि लहानशा लोट्यानं एकेका रोपाला पाणी घालत हिंडायची. म्हणून ती तिची ओळ. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी म्हणत नव्हतं. त्या ओळीचं फळ बागेत सगळ्यात मोठं यायचं. मामंजी म्हणायचे, विहिरीचा ओलावा लागतो.

मग धाकट्या नणंदेचं लग्न जमलं. व्याही जबलपुरात स्थायिक झालेले मराठी, मोठे गप्पिष्ट. बोलणी झाली तेव्हा बागेत बसून संत्री खात होते. मुहूर्त वैशाखातला निघाला, तेव्हा ते थट्टेनं म्हणाले की नागपूरची सोयरीक करून उपयोग काय, लग्नात काही संत्रं मिळायचं नाही. खरंच होतं ते. चैत्र लागला की बागा रिकाम्या होत. पण मामंजींना ते लागलं. ते म्हणाले, तुमच्या पंगतीत प्रत्येक पानावर माझ्या बागेतलं संत्रं वाढीन. भर वैशाखात. चार माणसांसमोर दिलेला शब्द तो, आणि मुलीच्या बापाचा. व्याही हसले, पण ऐकून ठेवलं त्यांनी.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, बाबा, तलावाकडच्या ओळींची फळं ठेवू, ती लहान आहेत पण दगडासारखी टिकतात. मामंजींनी मान हलवली नाही. विहिरीजवळची ठेवायची, म्हणाले.  धाकटीच्या लग्नात थोरलीच्या झाडाचं फळ पानावर पडावं, एवढंच त्या माणसाच्या मनात होतं. ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. आमच्या घरात अशा गोष्टी मूग गिळूनच चालत.

पाडव्याच्या आधी तोड झाली. बाकी सगळा माल व्यापाऱ्यांनी उचलला. विहिरीजवळची फळं मात्र मामंजींनी स्वतः शिडीवर चढून, देठासकट, कात्रीनं कापून उतरवली. एकेक फळ मी धोतराच्या मऊ फडक्यानं पुसत होते. इतर ओळींची फळं ते कानाशी हलवून, हातात तोलून बघत. या ओळीचं एकही फळ त्यांनी कानाशी नेलं नाही. तेव्हा मला ते जाणवलं नाही. फार पुढे जाणवलं. उभा जन्म ज्यानं संत्र्याची पारख केली, त्या बापाच्या हाताला त्या ओळीचं फळ कधी हलकं लागलंच नाही.

ठेवायची जागा म्हणजे घरामागची मातीच्या जाड भिंतींची खोली, जमिनीत कमरेइतकी उतरलेली. भर उन्हाळ्यात आत गेलं की अंगावर गारवा यायचा. माझ्या माहेरून तणशीची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, गाडी मागवली होती. खाली वाळू, वर तणस, त्यावर एकमेकांना न लागतील अशी फळं, पुन्हा तणस. दार लावून मामंजींनी किल्ली जानव्याला बांधली. फार हात लागले की फळ बसतं म्हणून आत कोणी जायचं नाही, असा हुकूम सुटला.

लग्नाला आठवडा राहिला तेव्हा दार उघडलं. दार उघडताच वास आला. गोड, आंबूस, डोक्यात जाणारा. मामंजी खाली उतरले, मी मागे दिवा घेऊन. त्यांनी वरची तणस बाजूला केली आणि फळ उचललं, तर बोटं सालीतून आत गेली. दुसऱ्यावर हिरवी बुरशी. तिसरं वरून सुंदर आणि खालून पाणी. मी दिवा धरून उभी, आणि ते गुडघ्यावर बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तणस उपसत राहिले. कुठे कुठे एखादं चांगलं निघत होतं. बाकी सगळी रास गेली होती.

बाहेर आले ते थेट मोटेवरच्या गड्याकडे. त्यांना कळलं होतं. फळ असं बसतं ते एकाच कारणानं, तोडीच्या तोंडावर झाडानं पाणी प्यालं असेल तर. त्या ओळीला पाणी गेलं होतं, आणि मोट या गड्याच्या हातात. पाट फुटला असेल, तू झोपला असशील, माझा शब्द घालवलास, असं ते बोलत गेले. गड्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली की फाल्गुनापासून त्या ओळीकडे पाटाचं तोंड वळलं नाही. मामंजी ऐकेनात. एवढ्या वर्षांच्या सोबत्याला ते म्हणाले की उद्यापासून येऊ नको. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी. माझ्या मनाला काही पटत नव्हतं, पण सासऱ्याच्या समोर जाऊन उभं राहायची माझी छाती नव्हती.

आत्याबाई पडवीत लग्नाच्या शेवया करत होत्या. त्या उठल्या. हाताला पीठ तसंच. अंगणात येऊन गडी आणि मामंजी यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. माणसांदेखत नवऱ्याशी बोलताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

“त्याले काहून बोलता? पाणी म्या घातलं.”

मामंजींना समजलंच नाही. त्यांनी विचारलं, कशाला घातलं, कधी घातलं. आत्याबाईंनी सांगितलं की दरसाल घालते. दुपारी सगळे लवंडले की घागर भरायची, त्या ओळीला एकेक घागर घालायची, वरून सुकी माती आणि पाला पसरायचा. बाकीच्या बागेला ताण द्या, माझं काही म्हणणं नाही. पण ती ओळ तहानलेली मला बघवत नाही.

“काहून?” मामंजींनी विचारलं. आवाज खाली आला होता. मला वाटतं, विचारतानाच त्यांना उत्तर ठाऊक होतं.

“पोरगी पाणी मांगत होती,” आत्याबाई म्हणाल्या. “तुम्ही म्हनलं, वैद्यानं सांगितलं, तापात पाणी देऊ नोको. म्या नाही देलं. तुमचं ऐकलं. मांगता मांगता गेली थे. आता तिच्या झाडाइलेही पाणी नाही देऊ काय?”

 गडी मान खाली घालून बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. धाकटी नणंद, हळद लागायची तिला चार दिवसांनी, ती दाराआड रडत होती. आणि तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला आत्याबाईंसाठी जेवढं तुटलं तेवढंच मामंजींसाठीही तुटलं. कारण त्या माणसानं दुष्टपणा केला नव्हता हो. तेव्हा सगळीकडे हीच समजूत होती. ताप आला की लंघन करायचं, पाणी तोडायचं, नाही तर ताप अंगात मुरतो. शहाणेसुरते वैद्य सांगत आणि आईबाप काळजावर दगड ठेवून पाळत. आता डॉक्टर म्हणतात, घोट घोट पाजा. आता सांगून काय उपयोग? मेलेल्या पोरींच्या आयांना कोण जाऊन सांगणार?

मामंजी परत त्या खोलीत उतरले. वर आले तेव्हा उपरण्यात निवडलेली चांगली फळं होती, जेमतेम ओंजळभर. ती त्यांनी आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली. मग गड्याकडे गेले, हात जोडले आणि मोटेवर ये म्हणाले. गडी म्हणाला की मालक, मी गेलोच कुठे होतो.

लग्न झालं. वैशाखातलं ऊन काय सांगावं, मांडवाच्या कापडातून आग गळत होती. पंगत बसली आणि मामंजी व्याह्यांसमोर जाऊन उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की मी संत्र्याचा शब्द दिला होता, फळ टिकलं नाही, मी तोंडघशी पडलो, माफी असावी. काय झालं ते सांगितलं नाही. दोष गड्यावर घातला नाही, बायकोवर घातला नाही, उन्हावरही नाही. व्याही चांगला माणूस निघाला. म्हणाला, अहो, मी थट्टा केली होती, तुम्ही मनाला लावून घेतलंत, आम्हाला पन्हं पुरे आहे. उरलेली संत्री नणंदेच्या ओटीत घातली होती. तिनं एक सोललं आणि पहिली फोड आईच्या तोंडात घातली.

मग मामंजींनी जे केलं त्याची चर्चा सोयऱ्यांमध्ये पुढे पुष्कळ दिवस चालली. त्यांनी पाणी वाढणाऱ्या पोराच्या हातातून तांब्या घेतला आणि स्वतः पंगतीत वाकून पाणी वाढू लागले. मुलीचा बाप, वय झालेलं, कमरेत उसण भरायची. लोक उठून हात धरायला लागले, तर त्यांनी कोणाला दाद दिली नाही. शेवटची पंगत उठेपर्यंत पाणी वाढत होते. आत्याबाई दाराच्या चौकटीला धरून बघत होत्या. त्यांनी त्यांना थांबवलं नाही.

पुढच्या फाल्गुनात विहिरीजवळच्या ओळीला ताण नाही, असं मामंजींनी गड्याला सांगितलं. तेवढीच सूचना. बाकी बाग पूर्वीसारखी तहानेवर, आणि मधोमध ती एक ओळ हिरवीगार. ताण नसलेल्या झाडाचा बहार कसा येणार? कधी आला, कधी नाही. कधीही चार फुलं, कधीही चार फळं, मोठी, पोली, पाणचट. व्यापारी त्या ओळीकडे बघून हसत. ती फळं आम्ही विकायचो नाही आणि ठेवायचोही नाही. वाटेनं जाणाराला तोडून द्यायची आणि समोर खायला लावायची. तहानलेल्या माणसाला ती गोडच लागायची म्हणा. मला स्वतःला ती कधी आवडली नाहीत. नावडलेलं खाऊन वर छान म्हणायचं, हे मला जमत नाही.

मामंजी-आत्याबाईंमध्ये त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं की नाही, मला ठाऊक नाही. माझ्यासमोर झालं नाही. मामंजी दुपारी बागेतून आले की आत्याबाई तांब्या पुढे करत आणि ते उभ्या उभ्या पीत. आधीही असंच होतं, नंतरही असंच राहिलं. फक्त पिण्याआधी ते जरा थांबू लागले, एवढा फरक मला दिसायचा.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत, रेल्वेचे डबे मिळेनात म्हणून संत्री बागेतच सडत होती त्या काळात, मामंजींना ताप आला. चैत्राचे दिवस, बाग ताणावर. ताप उतरेना. आमच्या यांनी शहरातून डॉक्टर आणला. त्यानं तपासलं, औषध दिलं आणि बजावून सांगितलं की पाणी भरपूर पाजा, अंग कोरडं पडता कामा नये. मी पाणी नेलं, तर मामंजींनी ओठ मिटून घेतले. चमच्यानं द्यायला गेले, तर मान भिंतीकडे. यांनी विनवलं, नणंद जबलपूरहून आली होती तिनं रडून पाहिलं. नाही म्हणजे नाही. जीभ लाकडासारखी झाली होती, ओठांना भेगा पडल्या होत्या, आणि हा माणूस पाण्याकडे बघायला तयार नाही. मला तर संताप आला. म्हातारपणी हा कसला हट्ट, असं मी बाहेर येऊन यांना म्हणालेसुद्धा.

आत्याबाई तोवर पायथ्याशी बसून होत्या. त्या उठल्या, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि उशाशी येऊन बसल्या. मी दारात होते. मामंजींनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

“तिले नाही देलं,” ते म्हणाले. मी त्या घरात आल्यापासून त्या गेलेल्या लेकीविषयी त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द.

आत्याबाईंनी त्यांच्या मानेखाली हात घातला आणि डोकं वर उचललं.

“नाही देलं. तुम्ही नाही देलं, म्या नाही देलं,” त्या म्हणाल्या. “मले समजत नाही काय? म्हणून तं देऊन राहिली. घ्या.”

मामंजींनी तोंड उघडलं. पहिला घोट बाहेरच सांडला, दुसरा गेला. मग सावकाश, एकेक घोट करत त्यांनी सगळा पेला संपवला. आत्याबाईंनी पदरानं त्यांची हनुवटी पुसली. मला वाटलं, आता झोपतील. पण त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते आत्याबाईंच्या हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघत होते.

“आणखी दे,” ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्या घरात कोणी पाणी मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. आत्याबाई उठल्या आणि पेला भरून घेऊन आल्या.